एका घरचे वीस डबे: सामायिक बिल्ड सर्व्हरवर वाटप कोणामध्ये करायचं?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात नागपुरात, त्रिमूर्ती नगरातल्या आमच्या चक्कीवर भाजणीचा डबा घेऊन मी रांगेत उभी होते. शेजारच्या काकू गव्हाचा डबा ठेवून माझ्याजवळ आल्या. "तू पण आयटी पार्कातच जाते ना गं? आमचा पोट्टा रोज रात्री नऊ-साडेनऊला घरी येते. विचारलं तर म्हणते, बिल्ड लागला होता, सर्व्हर अडकला होता. कंपनीनं एवढं मोठं मशीन घेतलं म्हणतात, मग ते अडकते कसं काय?"

परसोडीच्या आयटी पार्कात असो की मिहानमध्ये, जिथे पाच-दहा जण मिळून एकच मोठं मशीन वापरतात तिथे ही तक्रार ऐकू येते. असा एक सर्व्हर सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून काकूंचा प्रश्न मला जवळचा वाटला. त्याचं उत्तर त्या क्षणी आमच्या समोरच होतं, डब्यांच्या रांगेत.

बिल्ड म्हणजे काय

प्रोग्रॅमर जे लिहितो ते माणसाला वाचता येईल अशा भाषेत असतं. मशीनला ते कळत नाही. कम्पायलर नावाचा प्रोग्रॅम त्या प्रत्येक फाइलचं मशीनच्या भाषेत रूपांतर करतो आणि शेवटी सगळे तुकडे एकत्र जोडले जातात. या जोडणीला लिंकिंग म्हणतात. रूपांतर आणि जोडणी मिळून झाला बिल्ड. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये अशा हजारो फाइली असतात, आणि एखादी महत्त्वाची ओळ बदलली की त्यातल्या शेकडो पुन्हा दळाव्या लागतात.

दळणाचा शब्द मी मुद्दाम वापरला. मशीनमधला कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा प्रोसेसरचा एक भाग, हे एक जातं समजा. आमच्या चक्कीत एकच जातं आहे, बिल्ड सर्व्हरमध्ये 32 असू शकतात. प्रत्येक फाइल म्हणजे एक डबा. जात्यावर चढलेल्या किंवा चढायची वाट पाहणाऱ्या कामाला प्रोसेस म्हणतात.

फाइली एकमेकींची वाट न पाहता वेगवेगळ्या कोअरवर एकाच वेळी दळता येतात. त्यामुळे बिल्ड सुरू करताना 'एका वेळी किती डबे चढवू' हे सांगायची सोय असते. 1976 साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचं साधन तयार केलं. त्याच्या आजच्या ग्नू आवृत्तीत ही सोय 'मायनस जे' या खुणेनं मिळते. पुढे 8 लिहिलं तर आठ कामं एकदम चालतात. पुढे काहीच लिहिलं नाही तर मर्यादाच नाही, जितकी कामं तयार असतील तितकी सगळी सुटतात. घाईत आकडा राहून जातो आणि सर्व्हरवर शेकडो प्रोसेस उभ्या राहतात.

दोष कोणाचाच नसतो, तरी मशीन अडकतं

आकडा विसरणं हा एक भाग झाला. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की कोणीही चूक न करता सुद्धा असंच होतं. 'निंजा' नावाचं बिल्डचं साधन आज खूप वापरात आहे. तुम्ही काहीही सांगितलं नाही तर ते मशीनमधले कोअर मोजतं आणि त्यात दोन मिळवून तितकी कामं सुरू करतं. 32 कोअरच्या मशीनवर म्हणजे 34 कामं. मशीन एकट्याचं असेल तर हा अंदाज उत्तम आहे. पण पाच जणांनी दुपारी एकाच वेळी बिल्ड लावला तर पाचही निंजा स्वतःला एकटेच समजतात, आणि 32 जात्यांपुढे 170 डबे येऊन उभे राहतात.

उन्हाळ्यात नळाला धार कमी आली की गल्लीत एक घर टिल्लू पंप लावतं, मग त्याच्यामुळे पाणी येत नाही म्हणून शेजारचं लावतं. बिल्ड सर्व्हरवर अगदी हेच घडताना मी पाहिलं आहे. एकाचा बिल्ड रेंगाळला की तो 'मायनस जे' चा आकडा दुप्पट करतो, त्याला थोडा फरक जाणवतो, आठवडाभरात सगळ्यांचे आकडे दुप्पट झालेले असतात. पाणी तेवढंच असतं.

मशीन वाटप करतंच, पण कोणामध्ये?

असे सर्व्हर बहुधा लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतात. तिच्यात शेड्युलर नावाचा भाग असतो. कोणत्या प्रोसेसला कोअर कधी द्यायचा हे तो ठरवतो. 2007 च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या 2.6.23 या आवृत्तीपासून इंगो मोल्नार यांनी लिहिलेला शेड्युलर वापरात आला. त्याच्या नावातच 'पूर्णपणे न्याय्य' असा शब्द होता. त्याची मूळ कल्पना साधी आहे: प्रत्येक प्रोसेसला आजवर किती वेळ मिळाला याची वही ठेवायची, आणि ज्याच्या नावावर सगळ्यात कमी वेळ असेल त्याला पुढे घ्यायचं. पाळी काही मिलिसेकंदांची असते, त्यामुळे आपल्याला सगळं एकाच वेळी चालल्यासारखं दिसतं. ऑक्टोबर 2023 च्या 6.6 आवृत्तीत ही पद्धत बदलली. नवी पद्धत प्रत्येकाची पाळी किती वेळात आली पाहिजे याचाही हिशोब ठेवते. वाटप न्याय्य असावं हा हेतू मात्र कायम आहे.

मग अडचण कुठे आहे? वही प्रोसेसच्या नावानं आहे. माणसाच्या नावानं नाही.

आमच्या चक्कीवर एक मेसवाले येतात. त्यांचे वीस डबे असतात. चक्कीवाल्या काकांनी 'प्रत्येक डब्याला समान न्याय' असा नियम केला असता तर मेसवाल्यांचे वीस आणि काकूंचा एक, असे एकवीस समान हकदार झाले असते. डब्यांना न्याय मिळाला असता, काकूंना नाही. म्हणून काकांचा नियम घराचा आहे: एका घरचा एक डबा, मग पुढच्या घरचा. रांगेत दुसरं कोणी नसेल तेव्हा मेसवाल्यांचे वीसच्या वीस डबे सलग दळले जातात, म्हणून त्यांचीही कधी कुरकुर नसते.

आकड्यांत पाहू

समजा 32 कोअरचा सर्व्हर आहे. पहिल्यानं 64 कामं सोडली, दुसऱ्यानं आणि तिसऱ्यानं प्रत्येकी 4. एकूण 72. प्रोसेसनुसार वाटप केलं तर प्रत्येक कामाला 32 भागिले 72, म्हणजे साधारण 0.44 कोअर मिळतो. पहिल्याच्या पदरात 28.4 कोअर पडतात आणि बाकी दोघांच्या पदरात प्रत्येकी 1.8 सुद्धा नाही.

आता माणसांनुसार वाटू. तिघांचा हक्क प्रत्येकी साडेदहाच्या थोडा वर. पण दुसऱ्याकडे आणि तिसऱ्याकडे चारच कामं आहेत, त्यांना चारपेक्षा जास्त कोअर वापरताच येत नाहीत. त्यांना चार-चार दिले, उरलेले 24 पहिल्याला.

हा हिशोब मी टीममध्ये फळ्यावर मांडला तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य मोठ्या बिल्डवाल्यालाच वाटलं. त्याचा वाटा 28.4 वरून 24 वर आला, म्हणजे 20 मिनिटांचं काम 24 मिनिटांच्या आत होतं. आणि छोट्या बिल्डवाल्यांचं? एकट्यानं मशीन वापरलं असतं तर 10 मिनिटांत झालं असतं ते काम प्रोसेसनुसार वाटपात साडेबावीस मिनिटं घेतं, माणसांनुसार वाटपात पुन्हा दहाच. मोठ्याचं नुकसान पावणेचार मिनिटांचं, छोट्याचा फायदा साडेबारा मिनिटांचा, आणि छोटे तर दोन आहेत.

हा प्रश्न नवा नाही

1961 साली एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटानं एकच कॉम्प्युटर अनेकांनी एकाच वेळी वापरायची व्यवस्था दाखवली, तेव्हापासून वाटपाचा प्रश्न आहेच. मला सगळ्यात आपलं वाटतं ते सिडनी विद्यापीठातलं काम. तिथे विद्यार्थ्यांमध्ये कॉम्प्युटर वाटायचा होता. जुडी के आणि पियर्स लॉडर यांनी 1988 साली लिहिलं की प्रोसेसमध्ये समान वाटप केलं तर जास्त प्रोसेस सुरू करणारा जास्त घेऊन जातो, म्हणून वाटप माणसांमध्ये झालं पाहिजे. त्यांची व्यवस्था मागचा वापरही लक्षात ठेवायची: काल ज्यानं भरपूर वापरलं त्याला आज थोडं मागे, आणि जुना वापर हळूहळू विसरला जायचा.

बिल्ड सर्व्हरला ही आठवण लागत नाही असं माझं मत आहे. कालचा हिशोब दिवसभर चालणाऱ्या मोठ्या गणितांसाठी ठीक. बिल्डच्या वेळी माणूस स्क्रीनसमोर आत्ता बसलेला असतो. आत्ता कोण वाट पाहतंय एवढंच पाहिलं तरी पुरतं.

माणसांनुसार वही कशी ठेवायची

लिनक्समध्ये यासाठी सीग्रुप आहेत. सीग्रुप म्हणजे प्रोसेसचा गट, ज्याचा वाटा एकत्र मोजला जातो. हे काम 2006 साली गूगलमधल्या इंजिनिअरांनी सुरू केलं आणि 2008 च्या सुरुवातीला ते लिनक्समध्ये आलं. आज बहुतेक सर्व्हरवर सिस्टीमडी ही व्यवस्था असते. ती लॉगिन केलेल्या प्रत्येक माणसासाठी आपोआप एक गट तयार करते. आपण फक्त प्रत्येक माणसाच्या गटाला सीपीयूचं, म्हणजे कोअरच्या वाटपातलं, वजन द्यायचं: जितकं वजन जास्त तितका वाटा जास्त. नेहमीचं वजन 100 असतं, आणि 1 ते 10000 मधलं काहीही देता येतं. दोन-तीन ओळींची फाइल पुरते. सगळ्यांना 100 दिलं की आधी माणसांमध्ये वाटप होतं आणि मग त्या माणसाच्या वाट्यात त्याच्या प्रोसेस आपसात भांडतात. दुसऱ्याच्या ताटातलं कोणी घेत नाही.

रात्रीच्या तपासणीचे बिल्ड आपोआप लागतात. त्यांना वजन 20 दिलं की उशिरापर्यंत थांबलेल्या माणसाच्या आड ते फारसे येत नाहीत, आणि सगळे घरी गेल्यावर पूर्ण मशीन त्यांचंच असतं.

"त्यापेक्षा सगळ्यांनी नाइस लावावं"

नाइस म्हणजे आपण होऊन आपल्या प्रोसेसचं वजन कमी करणं. आकडा उणे 20 ते 19 असतो, साधा माणूस तो वाढवू शकतो, म्हणजे मागे सरकू शकतो. एकेका पायरीनं वजन साधारण सव्वापट कमी होतं. 19 वर गेलं की नेहमीच्या 1024 ऐवजी 15 उरतं. चांगली सोय आहे, पण ती सौजन्यावर चालते. जो नाइस लावतो तो मागे पडतो, जो लावत नाही तो पुढे जातो, आणि महिन्याभरात कोणीच लावत नाही.

"लिनक्स हे आपोआप करतं ना?"

अर्धवट करतं. मार्च 2011 मध्ये आलेल्या 2.6.38 या आवृत्तीत माइक गॅलब्रेथ यांची ऑटोग्रुपची सोय आली. मागे मोठा बिल्ड चालू असला तरी समोरचं काम अडू नये हा तिचा हेतू. ती गट करते, पण सेशननुसार. टर्मिनलची प्रत्येक नवी खिडकी म्हणजे नवं सेशन. त्यामुळे दहा खिडक्या उघडणाऱ्याला दहा वाटे. घरच्या लॅपटॉपवर ही सोय छान चालते, तिथे माणूस एकच असतो. सामायिक सर्व्हरवर पुन्हा तोच प्रश्न: मोजतोय कोणाला? शिवाय ऑटोग्रुप चालू असताना नाइसचा परिणाम त्या सेशनच्या आतच राहतो, म्हणजे सौजन्यानं 19 लावणाऱ्याचं सौजन्य शेजाऱ्यापर्यंत पोचतच नाही.

"प्रत्येकाला आठ-आठ कोअर बांधून द्या, विषय संपला"

मॅनेजर लोकांना हा उपाय फार आवडतो, कारण तो कागदावर स्वच्छ दिसतो. मी त्याच्या विरोधात आहे. चार जणांना आठ-आठ कोअर बांधून दिले आणि तिघं जेवायला गेले, तर चौथा आठच कोअरवर रांगतो आणि 24 रिकामे फिरतात. चक्कीवर दुसरं कोणी नसताना काका म्हणत नाहीत की तुमचा आजचा एक डबा झाला, आता थांबा.

ही मर्यादा प्रत्यक्षात कशी लागू होते तेही पाहण्यासारखं आहे. नेहमीच्या मांडणीत हिशोब 100 मिलिसेकंदांचा असतो. आठ कोअरचा हक्क म्हणजे त्या वेळात 800 मिलिसेकंदांचं काम. माणसानं 64 कामं सोडली तर ती सगळ्या 32 कोअरवर पसरतात आणि पहिल्या 25 मिलिसेकंदांतच 800 संपवतात. उरलेले 75 मिलिसेकंद सगळी कामं गोठतात, मग पुन्हा तेच. मशीन झटके देत चालल्यासारखं वाटतं. वजनामध्ये असं काही नाही. गर्दी असेल तेव्हाच ते लागू होतं.

"मग रांगच लावू, एकाचं संपलं की दुसऱ्याचं"

या आक्षेपात दम आहे. दोघांचे बिल्ड एकट्यानं 10-10 मिनिटांचे असतील आणि मशीन दोघांत वाटलं, तर दोघांनाही 20 मिनिटं लागतात. रांग लावली तर पहिल्याला 10, दुसऱ्याला 20, सरासरी 15. शिवाय जातं एकाच धान्यावर टिकतं. ज्वारीवर गहू, गव्हावर बेसन असं सतत बदलत राहिलं की दर वेळी थोडं पीठ आणि थोडा वेळ वाया जातो. कोअरचंही तसंच आहे: प्रोसेस बदलली की जवळच्या छोट्या मेमरीत साठवलेलं आधीच्याचं सामान निरुपयोगी होतं.

पण बिल्ड सारखे नसतात. 40 मिनिटांच्या बिल्डमागे एक मिनिटाचा बिल्ड अडकला की त्या माणसाची दुपार गेली. म्हणून आपोआप लागणाऱ्या बिल्डना रांग आणि समोर बसलेल्या माणसांना वाटप, असं मी करते.

मेमरी वेळेसारखी वाटता येत नाही

आतापर्यंतचं सगळं कोअरबद्दल होतं. कोअर पाळीपाळीनं देता येतो. मेमरी म्हणजे चक्कीवरचा ओटा आहे. डबा ओट्यावर ठेवला की दळून होईपर्यंत तो जागा अडवून बसतो, पाळी नसली तरी.

वरचे 170 डबे घ्या. प्रत्येक कम्पायलर अर्धा जीबी मेमरी घेत असेल तर 85 जीबी झाले. सर्व्हरमध्ये 64 असतील तर काय होईल? आधी मशीन डिस्कवर सामान हलवून जागा करायला बघतं आणि सगळ्यांचंच मरणाचं हळू होतं. तेही पुरलं नाही की लिनक्स एखादी प्रोसेस मारून टाकतं, शक्यतो सगळ्यात जास्त मेमरी घेणारी. सी प्लस प्लसच्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये ती बहुधा लिंकरची, म्हणजे शेवटची जोडणी करणाऱ्या प्रोग्रॅमची, असते, आणि ती गर्दी करणाऱ्याचीच असेल असं नाही. ज्या बिचारीचा बिल्ड शेवटच्या टप्प्यावर होता तिच्या स्क्रीनवर 'सिग्नल 9' येतो, आणि ती अर्धा दिवस स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसते. या गोष्टीचा मला मनापासून त्रास होतो, कारण तिची चूक शून्य असते.

म्हणून वजनासोबत प्रत्येक माणसाच्या गटाला मेमरीची कमाल मर्यादा द्यावी. इथे बांधून देणंच बरोबर आहे. मग जो ओटा भरून टाकेल त्याचंच काम पडेल. आणि लिंकिंगच्या टप्प्याला वेगळा छोटा आकडा द्यावा, एका वेळी दोन-तीनच.

"सरळ मोठं मशीन घ्या ना"

निंजा कोअर मोजून कामं सोडतं हे आठवा. 32 चे 64 कोअर केले की प्रत्येकाची कामं 66 होतात, पाच जणांची 330. काम लवकर संपेल हे खरं, पण गर्दीच्या वेळी प्रत्येक कोअरमागचं भांडण तेवढंच राहील, आणि मेमरी दुप्पट केली नाही तर परिस्थिती आधीपेक्षा वाईट होईल. खर्च करायच्या आधी सीकॅश लावून पाहा. तीच फाइल, तेच पर्याय असतील तर हे साधन आधीचा निकाल परत देतं, कम्पायलर चालवतच नाही. जे दळण आधीच झालंय ते पुन्हा जात्यावर चढवायचं कशाला?

एक फट

सगळं नीट लावूनही एक माणूस नेहमी पुढे जाताना दिसला तर डॉकर तपासा. प्रोग्रॅम वेगळ्या बंद कप्प्यात चालवायचं हे साधन आहे. नेहमीच्या मांडणीत डॉकरमधलं काम त्या माणसाच्या गटात चालत नाही, डॉकरच्या सेवेखाली चालतं. माणसाच्या वजनाचा आणि मर्यादेचा त्याच्याशी संबंधच उरत नाही. चक्कीच्या मागच्या दारानं डबा दिल्यासारखं होतं ते, आणि देणाऱ्यालाही बहुतेक वेळा माहीत नसतं. डॉकरच्या कामांना वेगळा गट, वजन आणि मेमरीची मर्यादा देऊन ही फट बुजवता येते.

काकूंचा डबा जात्यावर चढेपर्यंत एवढं बोलून झालं. त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "माझ्यानं काही सांगणं होणार नाही, तूच लिहून दे त्याला." मी लिहिलं: सर्व्हर अडकला की 'सिस्टीमडी-सीजीटॉप' चालवून पाहा, कोणत्या गटाकडे किती कोअर आणि किती मेमरी आहे ते दिसेल. माणसांच्या नावानं वाटा दिसला नाही तर सर्व्हर सांभाळणाऱ्याला सीपीयूचं वजन आणि मेमरीची मर्यादा लावायला सांग. आणि तोपर्यंत तुझ्या 'मायनस जे' पुढे आकडा लिही.